बाबा, वस्तादला मागं का ठेवलं नाही

लेस्टर
इंग्लंड, २५ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की बाबा, तुमचाही आवाज चढतो आणि माझाही. म्हणून कागद घेऊन बसले. फ्रान्समधल्या कॅलेहून फोन केला त्या रात्री तुम्ही म्हणालात, "एका कुत्र्यापायी तिघं परमुलखात रस्त्यावर पडलाय. तिथंच कुणाकडं तरी ठेवा आणि घर गाठा." मी काही बोलले नाही. राग आला म्हणून नव्हे. उत्तर मोठं होतं आणि पोर शेजारी झोपली होती.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर देते. आई, तू विचारलंस की एवढं धूड घेऊन परदेशी जायचं कशाला, इथल्या कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये का ठेवलं नाही. २०२२ मध्ये दादाच्या लग्नाला कोल्हापूरला आलो तेव्हा ठेवलं होतं की. जागा स्वच्छ होती, माणसंही चांगली होती. पण वस्तादनं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. आणायला गेले तर उठून आला नाही, बसल्या जागेवरून नुसतं शेपूट हलवलं. अंगावर हात फिरवला तेव्हा एवढ्या दाट केसांतून बरगड्या हाताला लागल्या. त्याच दिवशी मी आणि अभिनं ठरवलं, की पुन्हा सुट्टीला जायचं ते ह्याला घेऊन, नाहीतर जायचंच नाही. कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागं ओढायचं चाकांवरचं घर, घेतली ती त्यासाठी. हॉटेलं कुत्रा घेतात, पण ६४ किलोचा म्हटलं की नाही म्हणतात. बाबा, साखरेचं पोतं ५० किलोचं, त्याच्यावर १४ किलो धरा.

गाडीला मागं कॅराव्हॅन जोडून चालवणं म्हणजे काय, ते तुम्हाला लगेच कळेल. ऊस भरताना तुम्ही गडीमाणसांवर ओरडायचा, "मागं जास्त रचू नका, गाडी उलाळंल." इथं अगदी तेच. सामान मागं जास्त झालं की कॅराव्हॅनचं तोंड वर उचलतं आणि मोटारवेवर ती शेपटासारखी डोलायला लागते. पुढं जास्त झालं की मोटारीच्या हुकावर भार येतो, जसं जू बैलाच्या मानेवर रुतावं. म्हणून जड सामान चाकांच्या वर, तेही खाली जमिनीलगत ठेवायचं आणि निघण्याआधी हुकावरचा भार काट्यानं मोजायचा. आमच्या कॅराव्हॅनमध्ये सगळं मिळून दीडशे किलोच सामान चालतं. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणी बसायचं नसतं, त्यामुळं वस्तादचं वजन त्यात धरलं नाही. तो मोटारीच्या डिकीत, जाळीमागं, पट्ट्यानं बांधून. रेवाला मी वाटेत आजोबांची गोष्ट सांगितली, की छत्रपतींचे चित्ते शिकारीला असेच गाडीत बसून जायचे, डोळ्यांवर टोपी घालून. ती लगेच आपली टोपी काढून त्याला घालायला निघाली.

कागदपत्रांची तयारी दोन महिने आधी सुरू केली. ब्रिटननं युरोपीय संघ सोडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून इथल्या कुत्र्यांचा जुना पासपोर्ट चालेनासा झाला. आता दर खेपेला नवा दाखला. मानेत मायक्रोचिप हवी, रेबीजची लस टोचून २१ दिवस झालेले हवेत, आणि युरोपात पाऊल टाकण्याआधीच्या १० दिवसांत सरकारमान्य डॉक्टरांनी दाखला द्यायला हवा. तो इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत असतो, पानापानावर शिक्का. एकदा मिळाला की काही महिने फिरता येतं. बाबा, सातबाऱ्यावर नाव लावताना तुम्ही जसं अक्षर न् अक्षर वाचता, तसं मी ते वाचलं होतं. पुढं जे झालं ते परतीच्या कागदावर झालं, त्याबद्दल सांगतेच.

बोगद्याची तुला भीती होती ना आई? इंग्लंडच्या फोकस्टनपासून फ्रान्सच्या कॅलेपर्यंत ५० किलोमीटर, म्हणजे आपल्या घरापासून सांगली. त्यातले ३८ किलोमीटर समुद्राखालून. गाडी कॅराव्हॅनसकट रेल्वेत चढवायची, गॅसच्या टाकीचा कॉक बंद करायचा आणि आपल्याच गाडीत बसून राहायचं. ३५ मिनिटांत फ्रान्स. बोटीवर कित्येकदा कुत्र्याला खाली गाडीत एकटं सोडून माणसांना वर जावं लागतं, म्हणून आम्ही रेल्वे घेतली. वस्ताद आधी धापा टाकत होता. रेवानं जाळीतून दोन बोटं आत घातली, त्यांवर नाक टेकून तो झोपला.

सगळे स्पेनला जातात, आम्ही नाही गेलो. त्याच्या अंगावरचे केस थंड समुद्रासाठी आहेत. ह्या जातीची कुत्री मूळची कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरची, कोळ्यांबरोबर जाळी ओढणारी. ३५-३६ डिग्रीत त्याचा जीव जाईल. शिवाय दक्षिणेत वाळूमाशी चावून कुत्र्यांना लेशमनियासिस होतो. म्हणून पश्चिमेला ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कार्नाकला गेलो. वाटेत सीन नदीवरचा नॉर्मंडी पूल लागतो, १९९५ चा, मधला गाळा ८५६ मीटर. वर चढलो तर आडवा वारा कॅराव्हॅनला ढकलायला लागला. अभिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं, मी तोंडानं अंबाबाईचं नाव घेत होते.

ब्रिटनमधून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. म्हणजे तुझी तुपाची बरणी घरी राहिली आणि वस्तादचं रोजचं खाणंही. तिथलं नवीन खाणं घेतलं, ते त्याच्या पोटाला मानवलं नाही. तू फोनवर सांगितलीस तशी भाताची पेज दिली, वर थोडं दही. दुसऱ्या दिवशी पोट ठीक झालं. शेजारच्या फ्रेंच आजींनी पातेल्यात डोकावून विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझ्या आईचं औषध.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथं बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसा कुत्र्यांना मनाई असते. त्यामुळं कॅम्पवाल्यांना विचारून रोज सकाळी सहाला चालेल त्या किनाऱ्यावर निघायचो. आई-बाबा, तेव्हाचं तुम्हाला दाखवायला हवं होतं. ओहोटी लागलेली, ओली वाळू तव्यासारखी चकचकीत, आणि हा काळाभोर गडी पाण्यात शिरतो. पायाच्या बोटांना बदकासारखा पडदा असतो त्यांच्या. तिसऱ्या दिवशी रेवा कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि लाट आल्यावर मजेत ओरडली. वस्तादला वाटलं बुडतेय. पोहत तिच्याभोवती अर्धा फेरा मारला, तिचं मनगट तोंडात धरलं आणि काठाला चालू लागला. मी धावत गेले. तिचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. दाताचा ओरखडासुद्धा नाही, नुसती लाळ. रेवाची समजूत घालायला गेलो तर तीच आम्हाला म्हणाली, "ओरडू नका, तो ड्यूटीवर आहे."

त्याच दिवसांत पंचगंगा पुन्हा धोक्याच्या ४३ फुटांवर गेली. समोर समुद्र होता आणि मी दर तासाला फोनवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होते. १ ऑगस्टला सकाळच्या चहाला बाबांचा फोन वाजला आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. बाबा मात्र ओरडत होते, "अगं, आपल्या राधानगरीच्या पोरानं मारलं! स्वप्नील कुसाळेनं!" आम्ही ऑलिंपिकच्याच देशात, आणि कांबळवाडीच्या पोराला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी! मी त्या फ्रेंच आजी-आजोबांना नकाशा काढून दाखवला, हे माझं गाव, हे त्याचं. आजोबा उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेतला.

आता परतीचं. इंग्लंडात शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत कुत्र्याला डॉक्टरांकडून पट्टकृमीची गोळी द्यावी लागते आणि दाखल्यावर तारीख, वेळ लिहून शिक्का घ्यावा लागतो. आम्ही गोळी वेळेत दिली. डॉक्टरांनी तारीख लिहिली, वेळ लिहायची राहिली, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. कॅलेला प्राण्यांची वेगळी खिडकी आहे. तिथं यंत्र आपल्या हातात देतात, चिप आपणच वाचून दाखवायची. नंबर जुळला. मग बाईंनी ती रिकामी चौकट बोटानं दाखवली आणि मान हलवली. नवीन डॉक्टर, नवीन गोळी, पुन्हा २४ तास. ती रात्र कॅलेजवळ काढली, आणि तेव्हाच तुमच्याशी बोलले.

बाबा, २०१९ चा ऑगस्ट आठवतो? शुक्रवार पेठेत पाणी चढत होतं. आई राजारामपुरीला मावशीकडं गेली होती. तुम्हाला सगळे सांगत होते, म्हशी सोडा आणि नावेत बसा. तुम्ही त्याच रात्री गौरी आणि चंद्रीला घेऊन पावसात चालत कळंब्याला गेलात. दोन दिवस तुमचा फोन लागला नाही. हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, आणि मी लेस्टरच्या स्वयंपाकघरात उभी. तिसऱ्या दिवशी फोन लागल्यावर मी तुमच्यावर केवढी ओरडले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "दाव्याला बांधलेलं जनावर सोडून माणूस जातो का बाई?"

कॅलेच्या त्या रात्री मला एवढंच सांगायचं होतं. वस्ताद हे नाव तुम्हीच ठेवलंत, आणि ही रीतही तुमच्याकडूनच घेतली.

आता पुढचं. येत्या जूनमध्ये तुम्ही दोघं इकडं या. फ्रान्सला वेगळा व्हिसा लागतो, त्या भानगडीत पडायचं नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर जाऊ, इथल्याच व्हिसावर चालतं आणि वस्तादलाही दाखला लागत नाही. आईच्या गुडघ्यासाठी कॅराव्हॅनच्या दाराशी रुंद पायरी आणि धरायला दांडा बसवून घेतलाय. खालचा पलंग तुमचा. वस्ताद मधल्या वाटेत झोपतो, रात्री उठताना त्याच्यावर पाय पडेल म्हणून पायाशी छोटा दिवाही लावलाय.

आणि बाबा, एक काम. खारट पाण्यानं त्याचा नायलॉनचा पट्टा कडक होऊन मानेखालचे केस गेलेत. चप्पल लाइनीला तुमचे ओळखीचे कारागीर आहेत, त्यांच्याकडून एक चामड्याचा पट्टा करून घ्या. गावात फिरवताना घालीन, समुद्रात नाही. रुंदी दीड इंच, दुहेरी शिलाई, पितळी बक्कल. मान २७ इंच भरते, पण केस दाट आहेत, तेव्हा दोन बोटं जास्त धरायला सांगा.

तुमची,
मनू