रंग चालतील, कात्री नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या कृष्णधवल मालिकांना रंग द्यावेत की नाही, यावर भरपूर भांडण होतं. माझा आक्षेप रंगांना नाही, त्यांच्या आडून चालणाऱ्या कात्रीला आहे.

'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेला ६० वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने तिची 'द डालेक्स' (डालेक म्हणजे यंत्रासारख्या कवचातले परग्रहावरचे शत्रू) ही गोष्ट रंगीत करून दाखवली. १९६३-६४ सालची मूळ गोष्ट सुमारे २५ मिनिटांच्या ७ भागांची. रंगीत आवृत्ती ७५ मिनिटांची. अर्ध्याहून जास्त गोष्ट गेली! रंगांचं काम मात्र मन लावून केलेलं आहे. डालेकचं अंग मुळातही चंदेरी आणि त्यावरचे अर्धगोल निळेच होते, फक्त कृष्णधवल पडद्यावर प्रेक्षकांना ते दिसले नव्हते. आपल्याकडे २००४ साली 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन आला, तेव्हा तरुण मुलंही तो बघायला थिएटरात गेली. रंगांमुळे नवा प्रेक्षक येत असेल तर आनंदच आहे.

पण 'द डालेक्स'च्या पहिल्या भागाचा शेवट आठवून बघा. नायकाची, म्हणजे डॉक्टरची, सहप्रवासी बार्बरा एका निर्मनुष्य शहरात एकटी फिरते आहे. मागची दारं एकेक करून बंद होतात. ती भिंतीला पाठ लावते आणि कशाचा तरी एक दांडा तिच्या अंगावर येतो. ती किंचाळते, भाग संपतो. दांडा कोणाचा, हे कळायला १९६३च्या प्रेक्षकांना पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं. सलग सिनेमात हे थांबणं उरतच नाही. शिवाय त्या काळी टेप कापून जोडणं महाग आणि किचकट, त्यामुळे प्रसंगच्या प्रसंग सलग चित्रित होत. नटांचं थबकणं, एकमेकांकडे बघणं त्यातच घडे. आज संथ म्हणून कापतात ते नेमकं हेच.

डिसेंबर २०२४ मध्ये याच मालिकेतल्या 'द वॉर गेम्स' या गोष्टीची रंगीत आवृत्ती आली, तिच्यात तर मजल आणखी पुढे गेली. १९६९ मधले १० भाग ९० मिनिटांत बसवले आणि शेवटी नवा प्रसंग जोडला. या मालिकेत डॉक्टरचं रूप बदलतं आणि नवा नट ती भूमिका घेतो. मूळ शेवटी पॅट्रिक ट्रॉटनचा डॉक्टर गरगरत अंधारात नाहीसा होतो, पुढचा चेहरा दिसत नाही. रंगीत आवृत्तीत त्याचा पुढचा नट जॉन पर्टवी झालेला दाखवला आहे. तेव्हाच्या मंडळींनी जे चित्रितच केलं नाही, ते त्यांच्या नावावर का चढवायचं?

याच बीबीसीने एके काळी या मालिकेच्या टेप पुसून टाकल्या. नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. जे वाचले त्यांतले कितीतरी परदेशात विकायला काढलेल्या फिल्म प्रतींमुळे वाचले. वारिस हुसेन या लखनौत जन्मलेल्या तरुण दिग्दर्शकाने केलेली पहिली गोष्ट सुदैवाने शाबूत आहे. एवढ्यातून जे हाती राहिलं, ते तरी अखंड दाखवायला नको का?

ब्रिटनमध्ये 'द डालेक्स'चे मूळ भागही बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर आहेत, हे चांगलंच आहे. पण नवा प्रेक्षक आधी रंगीत आवृत्तीच लावणार. म्हणून तिच्या नावातच 'संक्षिप्त' हा शब्द हवा, काय गाळलं आणि काय जोडलं ते सुरुवातीच्या पाटीवर हवं आणि मूळ भाग तिथेच, शेजारी दिसायला हवेत. आपल्याकडच्या वाहिन्या आणि ओटीटीवाले उद्या जुन्या मालिका रंगवायला घेतील, तेव्हा त्यांनाही हाच नियम लावावा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली