किलोचा भावही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मागे कमी पैशात मजेत राहण्याबद्दल एक लेख आला होता. बाहेरची कॉफी बंद करा, हॉटेल महिन्यातून एकदाच, मोबाइल दोन वर्षं बदलू नका, असे सल्ले होते. आमच्या घरी लेख मोठ्यानं वाचला आणि जरा हसू झालं. जे कधी सुरूच केलं नाही ते बंद कसं करायचं? लेख चुकीचा होता असं नाही, पण खर्च कमी करणं म्हणजे काहीतरी सोडणं, हे त्यात गृहीत धरलं होतं. माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरचा, वय ६८. इथल्याच एका सहकारी सूतगिरणीत २६ वर्षं वेस्ट, म्हणजे वाया जाणाऱ्या कापसाच्या खात्यात कारकून होतो. गिरणी आता बंद आहे. एका बाजूनं कापसाच्या गाठी आत येत, दुसऱ्या बाजूनं सूत बाहेर पडे आणि मधे जे गळे ते सगळं माझ्या काट्यावर येई. कापूस मोकळा करून झाडायच्या ब्लोरूमची ड्रॉपिंग वेगळी, कार्डिंगच्या म्हणजे पिंजणीच्या पट्ट्या वेगळ्या, तुटक्या सुताचं हार्ड वेस्ट वेगळं. प्रत्येक पाळीला वजन, प्रत्येक वजनाची नोंद. वेस्ट अर्धा टक्का वाढलं की मॅनेजरसाहेब जिना उतरून खाली येत. कापूस महागला म्हणून ते खाली आलेले मी कधी पाहिले नाहीत. कापसाचा भाव त्यांच्या हातात नव्हता, गळती होती.

आता आमची मिळकत सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेतलं वाटणार नाही. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडची, पेन्शन २,१४० रुपये. फंड आणि उशिरानं मिळालेली देणी मिळून ८ लाख रुपये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ठेवले तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं, म्हणजे दर तीन महिन्यांनी १६,४०० रुपये. सौ. फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, त्याचे सरासरी ३ हजार. सगळं मिळून महिना साडेदहा हजारांच्या आसपास. दोन खोल्यांचं घर स्वतःचं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्याकडून दरमहा काही घेत नाही.

निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात घरातलं फेकलं जाणारं अन्न मोजायला घेतलं. सौ. म्हणाली, "अहो, गिरणी बंद पडली, आता तरी काटा सोडा." मी २१ दिवस नोंद ठेवली. पावणेतीन किलो निघालं आणि त्यातला बराचसा भाग कोथिंबीर, मेथी आणि शेपू. शिळ्या भाकरीचा तुकडा एकही नव्हता, तिचा कुस्करा होतो. कारण शोधलं तर ते मीच निघालो. संध्याकाळी उशिरा लक्ष्मी मंडईत गेलं की एका जुडीच्या पैशात दोन जुड्या मिळतात, आणि मी मोठ्या ऐटीत तीन-तीन आणत होतो. सोलापूरच्या उन्हात ती भाजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान टाकते. तेव्हापासून सकाळी एकच जुडी, पूर्ण भावात. पालेभाजीचा खर्च उलट कमी झाला.

धान्याचं मात्र उलटं. ते थोडं थोडं आणलं की महाग पडतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काढणीनंतर मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची भरतो, आणि तूरडाळ बार्शीहून. बार्शी जवळ नाही, पण तिथं डाळमिली आहेत आणि एसटीत सौ.ला बाई म्हणून अर्धं तिकीट, मला पासष्टी उलटल्यामुळे अर्धं. दोघांचं मिळून एक तिकीट! पूर्वी एकटा जात होतो, आता त्याच पैशात सोबत मिळते आणि भगवंताचं दर्शनही होतं. गल्लीतल्या सहा घरांची डाळ एकदम आणतो, टेम्पोचं भाडं वाटून घेतो. यात आमचं डोकं काही विशेष नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर करते आहे.

एक वर्ष मात्र फटका बसला. ज्वारी आली आणि वळवाचा पाऊस लागला. नीट ऊन न देताच मी ती पिंपात भरली, वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि निर्धास्त झालो. श्रावणात झाकण उघडलं तर सगळी टोक्यांनी भरलेली. ४० किलो ज्वारी शेजारच्या गाईंना गेली. सौ. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. आता तीन कडक उन्हं दिल्याशिवाय पिंपाला हात लावत नाही, आणि डाळीला एरंडेल ती स्वतः चोळते, माझ्यावर सोडत नाही.

आता मूळ मुद्दा. मोठं पाकीट स्वस्त, असं आपण सगळे धरून चालतो. मीही धरून होतो. आमच्या पलीकडे एक तेलुगू अक्का राहतात, जन्मभर विड्या वळल्या. त्या एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांची माळ आणतात. मी एकदा शहाणपणा शिकवायला गेलो की अक्का, बाटली घ्या, परवडते. त्यांनी पुडी आणि बाटली दोन्ही पुढ्यात ठेवल्या. भागाकार केला तर पुडीत मिली २० पैशांच्या आत पडत होता आणि बाटलीत ७० पैशांच्या वर. २६ वर्षं वजनकाट्यावर घालवलेला माणूस मी, गप्प घरी आलो.

तेलाचं तर विचारू नका. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. पण दुकानात तशीच दिसणारी, त्याच रंगाची पिशवी कधी ८५० ग्रॅमची असते, कधी ८०० ची. डब्याचंही तेच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी शेजारी ठेवलेले, पण लिटरच्या डब्यात तेल सव्वा किलोहून जास्त कमी. दुकानदाराला विचारलं तर "काका, दोन्ही पंधराचेच," म्हणतो. खोटं बोलत नाही बिचारा. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचा तो पाच रुपयांचाच राहिला, आतली बिस्किटं तेवढी कमी झाली. भाव वाढल्याची बातमी होते, पुडा हलका झाल्याची होत नाही.

ग्रॅमचा किंवा मिलीचा दर पाकिटावर छापायचा नियम आहे, आणि तो छापलेला असतोही. पण कुठे? शिवणीजवळ, दुमडीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भिंग लागेल एवढ्या अक्षरात. माझ्या शर्टाच्या खिशात भिंग असतं. मॉलमधली मुलं हसतात, हसू देत.

विजेचंही थोडक्यात सांगतो. घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट दुपटीच्या आसपास भावाचं असतं. मुलानं दिवाळीला काय हवं विचारलं तेव्हा मी कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा मागितला. जुना ७५ वॅटचा, हा ३० चा. आमच्याकडे पंखा दिवसाचे १६ तास फिरतो, म्हणजे महिन्याला २१ युनिटं वाचतात. उन्हाळा सोडला तर आम्ही शंभराच्या आत असतो. उन्हाळ्यात कूलर लावतो, त्यात काटकसर नाही. ४३ डिग्रीत कसली काटकसर!

आणि हो, आम्ही खातो-पितो. जानेवारीत हुरडा होतो, गड्ड्याच्या यात्रेत भजी होतात. चष्मा, चप्पल आणि शिलाई मशिनच्या सुया यांत कधी स्वस्त बघत नाही. आपलं वर्तमानपत्रही घेतो, आणि रद्दी विकताना काटा स्वतःचा वापरतो.

आपल्याकडे एकच मागणी आहे. आपण रोज सोन्या-चांदीचा भाव पहिल्या पानावर छापता. मी गेल्या दहा वर्षांत सोनं घेतलेलं नाही, बहुतेक वाचकांनीही रोज घेतलं नसेल. त्याच्या शेजारी बोटभर जागा काढून तूरडाळ, ज्वारी, शेंगदाणे, साखर आणि तेल यांचा सोलापुरातला किरकोळ भाव छापावा. तेलाचा भाव लिटरचा नको, किलोचा द्यावा. टाइप जरा मोठा ठेवावा.

आपला,
एक निवृत्त सूतगिरणी कामगार, सोलापूर