नवीन रायफल आली, जुनी कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात ड्रोन, मिसाइल, फायटर विमानं यांच्या बातम्या भरपूर येतात आणि मी त्या आवडीने वाचतो, पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय ती आज लिहूनच टाकतो. कुठल्याही देशाच्या सैन्याने नवीन रायफल घेतली की फोटोसकट बातमी येते, किती लाख घेतल्या, किती मीटरवर मारा करते, सगळं. आणि आधीच्या लाखो रायफली? त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही, जणू त्या हवेतच विरून गेल्या.

थ्री नॉट थ्रीचंच घ्या, म्हणजे ब्रिटिशांची ली-एनफील्ड रायफल. तिचं आखूड नळीचं मॉडेल १९०४ च्या सुमाराला आलं, दोन्ही महायुद्धांत ती होती, आपल्या इशापूरच्या फॅक्टरीत वर्षानुवर्षं बनली, जगभरात सगळ्या मिळून दीड कोटीच्या वर बनल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० मध्ये. कॅनडाच्या उत्तरेकडे बर्फात गस्त घालणाऱ्या रेंजर्सकडे ती १९४७ पासून जवळपास ७० वर्षं होती, कारण कडाक्याच्या थंडीतसुद्धा ती दगा देत नाही आणि समोर पांढरं अस्वल आलं तर तिच्या गोळीत दम आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट चांगलाच उपयोग झाला. पण हीच रायफल १९८० च्या दशकात अफगाणिस्तानच्या डोंगरांवरून सोव्हिएत सैनिकांवर रोखलेली होती कारण लांबच्या नेमाला ती एके-४७ पेक्षा सरस पडते, आणि पाकिस्तानात खैबरच्या बाजूला दर्रा आदम खेल गावात कारागीर कानशी घासून घासून तिच्या नकला बनवतात, वर ब्रिटिश राजमुकुटाचा शिक्का पण मारतात, फक्त कधी कधी इंग्रजी अक्षरं चुकतात किंवा उलटी पडतात, त्यावरून जाणकार ओळखतात.

मी स्वतः ही रायफल एकदा हातात घेतलीय. जड आहे, लाकूड आणि लोखंड, बस्स. प्लॅस्टिक नाही, बॅटरी नाही, बिघडायला फारसं काही नाहीच. तेल पाजून कोरड्या जागी ठेवली की शंभर वर्षांनी पण बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, चाप ओढा, गोळी सुटते. अडचण आली तर काडतुसांची येते, रायफलीची नाही. आणि रशियन मोसिन-नागांत रायफलीला तर ती पण अडचण नाही, कारण तिचं १८९१ चं काडतूस आजही बनतं, त्याच मापावर पीकेएम मशीनगन आणि द्रागुनोव्ह स्नायपर रायफल चालतात ना. या मोसिन तीन कोटींच्या वर बनल्या आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात रशियाच्या बाजूच्या दोनेत्स्ककडून जबरदस्तीने भरती केलेल्या पोरांच्या हातात त्या दिसल्या. म्हणजे पणजोबांच्या काळातलं डिझाइन पणतवाच्या खांद्यावर. तो फोटो बघून मला झोप लागली नव्हती, खरं सांगतो.

खरा घोळ होतो तो कोठारांत. सरकार पडलं की आधी शस्त्रागाराचं कुलूप तुटतं. अल्बानियात १९९७ ला लोकांचे पैसे पॉन्झी स्कीममध्ये बुडाले, दंगे झाले, आणि पाच लाखांहून जास्त शस्त्रं लुटली गेली, त्यातली बरीच शेजारच्या कोसोव्होत पोचली. लिबियात २०११ ला गद्दाफी गेला आणि तिथली शस्त्रं वाळवंट ओलांडून मालीत. व्हिएतनाममध्ये १९७५ ला मागे राहिलेल्या अमेरिकन एम-१६ रायफलींपैकी काही पुढे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरच्या बंडखोरांकडे सापडल्या, नंबरांवरून माग लागला. अर्धी पृथ्वी फिरून आल्या त्या! सीरियात तर २०१२ मध्ये बंडखोरांच्या व्हिडिओत हिटलरच्या काळातल्या जर्मन एसटीजी-४४ रायफली दिसल्या, त्या इतकी वर्षं कुठल्या तरी गोदामात पडून होत्या.

आणि एके-४७ आणि तिच्या नकला मिळून अंदाज साडेसात ते दहा कोटींचा आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१७ अखेरचा हिशोब काढला तेव्हा जगात १०० कोटींवर बंदुका निघाल्या, त्यातल्या सैन्यांकडे फक्त १३ कोटींच्या आसपास, बाकी बहुतेक सगळ्या सामान्य लोकांकडे. हे आकडे वाचून मी दोनदा तपासून बघितले.

शस्त्रव्यापारावर आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ ला मंजूर झाला, २०१४ च्या डिसेंबरपासून लागू आहे, पण तो मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या शस्त्रांबद्दल बोलतो. सैन्याने बाद केलेल्या रायफली वितळवा अशी सक्ती त्यात नाही, मग त्या कुणाला तरी विकल्या जातात, मित्रदेशाला मदत म्हणून दिल्या जातात नाहीतर गोदामात धूळ खात पडतात, आणि त्या मित्रदेशात दहा वर्षांनी काय होईल ते देवाला ठाऊक. मला वाटतं बाद केलेली प्रत्येक रायफल नंबर लिहून, कापून, भट्टीत टाकली पाहिजे. खर्च येतो, मान्य, पण एका यादवी युद्धाच्या मानाने काहीच नाही. मोझांबिकमध्ये यादवी संपल्यावर १९९५ पासून तिथल्या चर्चच्या लोकांनी बंदुका घेऊन बदल्यात शिलाई मशीन, सायकली, शेतीची अवजारं दिली, बंदुकांचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांतून कलाकारांनी खुर्च्या आणि पुतळे बनवले. त्यातली एक खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एवढ्या गरीब देशाने हे करून दाखवलं, तर श्रीमंत सैन्यांना का जमू नये?

तर विनंती एवढीच. यापुढे कुठल्याही देशाच्या नवीन रायफलीची बातमी छापाल तेव्हा तुमच्या वार्ताहराला सांगा की त्याच बातमीत एक ओळ टाक, जुन्या किती होत्या आणि त्यांचं काय केलं. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापा.

आपला,
एक नियमित वाचक