आधी वाळू, मग मासे

प्रिय नित्या,

टँकसाठी पांडा कोरीडोरास मासे घ्यायचे ठरवलेस, झकास! पण तळाला पसरायच्या त्या निळ्या-गुलाबी खडीचं खूळ आधी डोक्यातून काढ. दुकानदार टँकसोबत ती गळ्यात मारणारच. नको म्हणायचं आणि उठायचं.

पेरूतल्या नद्यांमधला हा जेमतेम 5 सेंटिमीटरचा जीव. खातो कसा ते एकदा निवांत बघ. तोंड वाळूत खुपसतो, घास भरून घेतो, खाण्याजोगं तेवढं गिळतो आणि बाकीची वाळू कल्ल्यांतून भुरुभुरु सोडून देतो. खडीवर बिचाऱ्याला हे जमायचं कसं? खाणं दगडांच्या फटीत जाऊन सडतं, हा वरून नुसता हुंगत फिरतो. शिवाय ज्या मिशांनी तो अन्न हुडकतो, त्याच झडतात. लोक त्याचं सगळं खापर टोकदार दगडांवर फोडतात. माझ्या मते तळाच्या घाणीतले जिवाणू तितकेच गुन्हेगार. म्हणजे वाळू टाकलीस तरी सफाई काही चुकत नाही, बरं का.

बारीक, गोल कणांची वाळू बघ. स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू उत्तम. बांधकामावरची क्रश सँड फुकट मिळाली तरी आणू नकोस. दगड फोडून केलेली ती, कण धारदार असतात. समुद्रावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं. शंका आली तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाक, फसफसली तर नाद सोड. पांढरीशुभ्र वाळूही टाळ, तिच्यावर मासे फिके पडतात. मातकट रंगाची बरी.

तुझ्या 2 बाय 1 फुटाच्या टँकला 1 इंच थरासाठी साधारण 7 किलो लागेल. त्याहून जाड थर नको. खाली हवा पोचत नाही, वाळू काळी पडते आणि ढवळली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धू, साबण अजिबात नको. टँक भरताना वाळूवर ताटली ठेव आणि पाणी तिच्यावर ओत, नाहीतर मधोमध खड्डा पडेल. फिल्टरचं तोंड तळापासून चार बोटं वर ठेव. वाळू आत गेली की मोटर खरखरायला लागते.

आणि एक-दोन मासे आणू नकोस, निदान 6 तरी घे. हे थव्याने राहणारे. पण ते नंतर. आधी वाळूचा फोटो पाठव, नखाशेजारी चिमूट ठेवून काढ म्हणजे कण कळतील.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या