बारा वर्षं कसलं म्हणून रान नावावर होत नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या खानापूर-आटपाडी भागात कुठल्याही पारावर बसा, "बारा वर्षं कसलं की रान (म्हणजे शेतजमीन) आपलं" हे ऐकायला मिळतंच. या अर्धवट माहितीपायी भाऊबंद एकमेकांच्या मयतीला जायचे बंद झालेत म्हणून लिहितोय.

इथल्या कितीतरी घरांसारखे माझे वडील पण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला तमिळनाडूत गेले. वाटणीत आलेलं साडेतीन एकर रान चुलतभावाला वाट्यानं लावलं, सगळं तोंडी, घरच्या माणसाकडनं कागद कोण लिहून घेतो. तेव्हा रान कोरडवाहू, बाजरी नि मटकी यायची, आम्ही यात्रेला आलो की आमच्या वाट्याची दोन पोती तो काढून ठेवायचा. पुढं टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंब लागलं, रानाला भाव आला आणि वाटा बंद झाला. विचारायला गेलो तर म्हणाला बारा वर्षं झाली, आता रान माझं.

दाव्यात खालच्या कोर्टात आम्ही हरलो, कारण सातबाऱ्याला पीकपाहणी सदरी सलग त्याचंच नाव. अपिलात निकाल फिरला तो त्याच्याच उलटतपासामुळं, तिथं तो स्वतः बोलून गेला की धान्य पोचवत होतो. म्हणजे कब्जा आमच्या परवानगीनं होता, आणि परवानगीचा कब्जा कितीही वर्षं चालला तरी नुसत्या वर्षांवर विरुद्ध कब्जा (मालकाचा हक्क नाकारून धरलेला कब्जा) होत नाही. लिमिटेशन ॲक्ट १९६३ मधली बारा वर्षं ही कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजायची असतात, आणि तो दिवस कुठला, तो कब्जा उघड होता का, सलग होता का, हे सगळं कब्जेवाल्यानंच शाबीत करायचं. (सरकारी जमिनीला तर तीस वर्षं लागतात.) रान सामाईक असेल तर अजून अवघड, एका हिस्सेदाराची वहिवाट कायद्यानं सगळ्यांचीच धरतात. पारावर यातलं कोणी काही सांगत नाही, फक्त बारा आकडा सांगतात.

आता चुलतभावानं हायकोर्टात सेकंड अपील केलंय. तिथं कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच ऐकतात, पुरावा परत पहिल्यापासून उगाळत नाहीत, पण तारखा चालूच राहतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, एका तारखेसाठी मुंबई गाठायची वेळ गेली, हे मात्र फार चांगलं झालं.

सुप्रीम कोर्टानंच २००८ मध्ये विरुद्ध कब्जाच्या या कायद्यावर कडक टीका करून सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या बेंचनं उलट असं ठरवलं की कब्जेवाला स्वतः पण या मुद्द्यावर दावा लावू शकतो, आणि २०२३ मध्ये विधी आयोगानं बदलाची गरज नाही असं कळवलं. मला हे पटत नाही. पोटासाठी लांब गेलेल्या माणसाचं रान विश्वासानं कसायला घेऊन त्यालाच कोर्टात ओढायची हिंमत होते ती या तरतुदीच्या नुसत्या नावावर, दावा टिको न टिको.

ज्यांची रानं खरंच एकमेकांकडं अदलाबदलीनं बारा वर्षं आहेत त्यांच्यासाठी राज्य सरकारची २०२३ ची सलोखा योजना आहे, अदलाबदलीच्या दस्ताला हजार रुपये मुद्रांक शुल्क नि हजार रुपये नोंदणी फी. तलाठ्यांनी ही योजना चावडीवर वाचून दाखवावी.

आणि बाहेरगावच्या गलाई बांधवांना हात जोडून सांगतो, रान वाट्यानं दिलं असेल तर दरवर्षी साधा का होईना पण लेखी कागद करा, कुणाचा गट, किती वाटा, किती मुदत, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. वाटा मिळाला की तो पण लिहून ठेवा नि सातबारा वर्षातनं एकदा तरी काढून बघा. सख्खा भाऊ असला तरी हे कराच, आमच्याकडं असा एक कागद असता तर वडिलांची शेवटची वर्षं वकिलाच्या ऑफिसबाहेर गेली नसती.

दिवाळीला ही मंडळी गावाकडं येतात, त्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली