पुढच्या आर्मचे नवे बुश सात हजार किलोमीटरमध्ये फाटल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

दिनांक : ८ जुलै

विषय : पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनचे बुश चुकीच्या पद्धतीने बसवल्याबाबत व झालेल्या खर्चाच्या परताव्याबाबत.

संदर्भ : आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड व बिल, दि. ९ मार्च.

महोदय,

आपल्या कंपनीची पिकअप मी सहा वर्षांपासून वापरतो. ओतूर परिसरातला टोमॅटो संध्याकाळी भरायचा, रात्री माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशी मार्केट गाठायचं आणि सकाळी रिकामी कॅरेट घेऊन परत यायचं, हा माझा धंदा. गाडी मीच चालवतो. हे आधीच लिहितोय, कारण आपल्या सर्व्हिस सेंटरने मला दोनदा "तुमच्या ड्रायव्हरला नीट चालवायला सांगा" असा सल्ला दिला आहे.

फेब्रुवारीत स्पीडब्रेकरवर पुढून खट् खट् आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. सर्व्हिस सेंटरमध्ये टॉमी (लोखंडी पहार) लावून बघितलं तर खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, हाताने हलवावा तसा हलत होता. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश गेलेत, हे त्यांचं निदान बरोबर होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते बुश कंपनीतून गाडीबरोबर आलेले, १,१२,४०० किलोमीटर चालले. त्यांनी आपलं काम केलं.

९ मार्चला वरच्या आणि खालच्या आर्मचे मिळून आठ बुश बदलले. बुशचे ५,९२०, मजुरी ४,२०० आणि अलाइनमेंटचे ६५०, असे एकूण १०,७७० रुपये मी जागेवर भरले. एवढा खर्च करतोच आहोत तर पुढचे दोन्ही टायरही नवे टाकू म्हणून त्याच आठवड्यात बाहेरून १५,४०० रुपयांची जोडी घेतली.

आता मुद्द्याचं. काम चाललं होतं तेव्हा मी काचेपलीकडच्या खोलीत बसलो होतो. (चहा चांगला होता, हेही नोंदवतो.) जुने बुश काढले, नवे प्रेसवर दाबून बसवले, हातोडा लावला नाही. इथपर्यंत सगळं रीतसर. मग आर्म जागेवर चढवले आणि गाडी लिफ्टवर अधांतरी असताना, चाकं खाली लोंबत असताना, पोराने एअरगनने एकेक करून सगळे बोल्ट कच्चून आवळून टाकले. मी दारापर्यंत जाऊन म्हटलं, "दादा, चाकं टेकवून मग आवळा ना." त्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, "काका, आत येऊ नका, सेफ्टीचा नियम आहे. पोरं ट्रेनिंग घेतलेली आहेत."

काकांनी उमेदीची तीन वर्षं भोसरीतल्या गॅरेजात काढली आहेत, हे त्यांना माहीत नसणार. या बुशमध्ये बाहेर लोखंडी कडं, आत नळी आणि मध्ये दोघांना चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा फक्त रबर पीळ खातं आणि सुटतं. म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी खाली उतरवायची, दोनचार वेळा दाबून हलवायची आणि ती स्वतःच्या वजनावर उभी असताना टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या) शेवटचं आवळायचं. लोंबत्या चाकांवर आवळलं तर तीच रबराची मूळ जागा ठरते. गाडी खाली आली की उभ्या उभ्याच रबराला पीळ बसतो, माल भरला की आणखी बसतो. दाव्याला आधीच पीळ घालून ठेवायचा आणि वर बैलाने हिसके द्यायचे, मग ते किती दिवस टिकणार?

ते सात हजार दोनशे किलोमीटर टिकलं. २७ जूनच्या रात्री घाटात पाऊस आणि धुकं, गाडीत साठ कॅरेट. घाट उतरताना ब्रेकला पाय लावला की स्टिअरिंग हातातून डावीकडे जायला लागलं. तशीच दबकत घाटाखालच्या टोकावड्यापर्यंत आणली आणि थांबलो. पुढे कल्याणपर्यंत त्या अवस्थेत जायची माझी छाती झाली नाही. दुसरा टेम्पो शोधला, भर पावसात सगळा माल पालटी केला, त्याचे ६,५०० रुपये दिले. माल मार्केटला पोहोचला तेव्हा खरेदीदार पांगले होते. त्या दिवसाच्या भावाचं मी इथे काढत नाही.

३० जूनला गाडी हळूहळू सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे उत्तर मिळालं की ओव्हरलोडमुळे बुश फाटले आणि रबराचे पार्ट झिजणारे असल्याने गॅरंटीत येत नाहीत. नवे टाकायचे तर मजुरीत अर्धी सूट देऊ.

दोन्ही कारणं टिकत नाहीत. साठ कॅरेट म्हणजे कॅरेटसकट सव्वातेराशे किलोच्या आसपास, आणि गाडी दीड टनाची आहे. मार्चपासूनच्या वजनकाट्याच्या चौदा पावत्या सोबत जोडल्या आहेत, एकही मर्यादेबाहेरची नाही. शिवाय घाट तोच, माल तोच, चालवणाराही तोच असताना पहिल्या बुशनी लाखावर किलोमीटर काढले, ते कसे? राहिली झीज. झिजलेलं रबर भेगाळतं, आकसतं, कडेने भुगा सोडतं. हे रबर तसं नाही. ते वरून अजून नव्यासारखं काळं आहे, आणि आतल्या नळीला लागून गोल, एकाच दिशेला ओरबाडल्यासारखं फाटलं आहे. झिजणं आणि फाटणं यातला फरक आपल्या तांत्रिक विभागाला मी सांगायची गरज नसावी. बिलाच्या मागे सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर छापलं आहे, ते मग कोणत्या पार्टसाठी?

गाडी शेवटी २ जुलैला आळेफाट्याच्या मेकॅनिककडे उघडली. त्याने ती जमिनीवर उभी असतानाच उजव्या बाजूच्या, अजून न फाटलेल्या बुशचा नट सैल केला. शेवटच्या आट्यांवर आला तशी आतली नळी 'टक्' करून जागची फिरली. साडेतीन महिने दाबून धरलेला पीळ होता तो. याचा व्हिडिओ मी काढला आहे, पेन ड्राइव्हमध्ये दिला आहे.

अलाइनमेंटचंही सांगतो. पैसे घेतले, रिपोर्टचा कागद दिला नाही. तीनदा मागितला, तीनही वेळा प्रिंटर बंद होता. डाव्या टायरची आतली कड आज हाताने चाचपली तर करवतीसारखी लागते, बाहेरची कड मात्र कोरी आहे. मार्चमध्ये काढलेले जुने बुशही मागितले, पण मिळाले नाहीत.

माझी मागणी अशी. बिलाचे १०,७७० रुपये, टायरच्या किमतीचे निम्मे म्हणजे ७,७०० आणि पालटीच्या टेम्पोचे ६,५००, असे २४,९७० रुपये पंधरा दिवसांत मिळावेत. आळेफाट्याच्या कामाचे पैसे मी मागत नाही, ते काम मला चांगलं करून मिळालं आहे. मात्र हे बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळायचे, याची लेखी सूचना त्या सर्व्हिस सेंटरला जावी आणि तिची प्रत मला यावी. घाटात उतरणारा मी एकटाच नाही.

आपल्या तिथल्या मॅनेजरांनी फोनवर सांगितलं की गाडी कमर्शियल असल्यामुळे ग्राहक आयोग मला दारात उभं करणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी उद्देशात धरलेली नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि वस्तू-सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ती वेळ येऊ नये अशी इच्छा आहे, पण कागद तयार आहेत.

फाटलेले बुश माझ्याकडे डब्यात ठेवले आहेत, वर डावा-उजवा लिहून. आपला माणूस केव्हाही येऊन बघू शकतो, फक्त दुपारी चारच्या आत यावं, त्यानंतर मी गाडी भरायला जातो.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक बिलाप्रमाणे)

सोबत : बिल व जॉब कार्डची प्रत, वजनकाट्याच्या पावत्या, टायरचे व टेम्पोचे बिल, फोटो, पेन ड्राइव्ह.