धिंगरी म्हणजे प्रतिजैविक नव्हे

अळिंबीचा (मशरूमचा) काढा प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) पर्याय ठरतो, असे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. अळिंबीत जिवाणूरोधक द्रव्ये असतात, हे खरेच. १९५१ मध्ये एका अळिंबीतून प्ल्युरोम्युटिलिन हे असे द्रव्य वेगळे केले गेले; त्याच कुळातले लेफाम्युलिन हे औषध न्यूमोनियासाठी अमेरिकेत मंजूर व्हायला २०१९ उजाडले. आणि ती अळिंबी म्हणजे आपल्याकडे पिकणारी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) नव्हे.

प्रयोगशाळेत अर्क जिवाणूंवर थेट टाकतात, तोही बहुधा मिलिग्रॅमच्या मात्रेत. प्रतिजैविकाला मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचे हजारावे भाग, पुरतात. भाजीतून किंवा काढ्यातून तेवढा अर्क रक्तात पोहोचतो, याला लेखात आधार नाही. उलट खान्देशातल्या कोणत्याही धिंगरी उत्पादकाला विचारा: धिंगरी ज्यावर वाढते ते गव्हाचे काड ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवल्याशिवाय पिशव्या भरल्या, तर हिरवी बुरशी धिंगरीच्या बियाण्यावर मात करते. खोलीत हवा खेळती नसेल आणि धिंगरीवर पाणी साचून राहिले, तर सुडोमोनास जिवाणूमुळे पिवळे-तपकिरी डाग पडतात. स्वतःच्या अंगावरचा जिवाणू जिला आवरत नाही, तिच्याकडून न्यूमोनियाच्या उपचाराची अपेक्षा कशी करायची?

धिंगरी आहारात जरूर असावी. ‘ताप असताना गोळ्या थांबवून काढा घ्यावा’ या लेखातल्या सल्ल्याची दुरुस्ती मात्र पुढच्या अंकात छापावी.

— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)